अंक सातवा, नाव ठरायचे आहे

(दृश्य: लांब टेबल, चहाचे स्टीलचे कप, चष्म्यांच्या डब्या. एक कागद उलटा धरलेले दोन हात.)

वृद्धाश्रमात निघणाऱ्या आमच्या अंकाचा कागद हे आजोबा उलटा धरून वाचतायत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी लगबगीने तो सरळ करून दिला होता. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा उलटा केला. म्हणाले, "सरळ धरला की मजकूर वाचला जातो. मला अक्षरं बघायचीत."

चाळीस वर्षं ते छापखान्यात खिळे, म्हणजे एकेका अक्षराचे धातूचे ठसे, जुळवत होते. स्टिक नावाच्या हातातल्या पट्टीत खिळे बसवले की ओळ उलटी दिसते आणि कंपोझिटर ती तशीच वाचतो. पुढे बिनखिळ्यांची ऑफसेट छपाई आली, खिळे भंगाराच्या भावात गेले. नजर मात्र राहिली. त्या दिवशी त्यांनी उलट्या कागदावरून अकरा चुका काढल्या. त्यातल्या आठ माझ्या होत्या.

(दृश्य: फाटक, चपलांचा स्टँड, व्हरांड्यात वाळत घातलेले पंचे.)

पुण्यात धायरी फाट्याच्या पुढचा हा वृद्धाश्रम. सकाळी इथे वर्तमानपत्रावरून रोज वाद होतो. आतलं पान एकाकडे, बाहेरचं दुसऱ्याकडे, आणि शब्दकोडं कोणी तरी आधीच पेनाने भरून ठेवलेलं. ज्या गावात १८४९ साली ज्ञानप्रकाश निघाला, १८८१ मध्ये केसरी, १९३२ मध्ये सकाळ, तिथल्या म्हाताऱ्यांना वर्तमानपत्र कसं काढतात हे आपण शिकवायला जावं, हा आमचा अगोचरपणाच. आम्ही चौघं होतो. लॅपटॉप होता, उत्साह होता आणि दर शनिवारची संध्याकाळ मोकळी होती.

पहिला अंक आम्ही दृष्ट लागण्यासारखा केला. मुखपृष्ठावर मावळता सूर्य. सगळ्यांकडून मजकूर घेतला, लांबलेला कापला, वाक्यं सुटसुटीत केली, शेवटी एकेक छान ओळ जोडली. छापून आणला, वाटला. नऊ नंबरच्या खोलीतल्या आजींनी भिंग लावून अख्खं तिसरं पान वाचलं आणि विचारलं, "छान आहे गं. कोणी लिहिलंय?"

त्यांनीच लिहिलं होतं.

(दृश्य: वहीचं पान. निळी शाई, थरथरती पण रेखीव अक्षरं.)

हे त्यांचं मूळ पान. 'घरांत', 'नाहीं', 'कांहीं', 'नांव'. प्रत्येक टिंब जागच्या जागी. आमच्यातल्या एकाने ही सगळी टिंबं चुका समजून पुसली होती. खरं तर आजी शाळेत हेच शिकल्या. न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले ते १९६२ साली शासनाने शुद्धलेखनाचे नवे नियम मान्य केले तेव्हा. तोवर आजींचं शिक्षण संपून लग्नही झालं होतं. त्या म्हणाल्या, "नियम बदलला तेव्हां मला कोणी विचारलं नव्हतं. आतां तूं तरी विचार."

तो 'तूं' मला ऐकूसुद्धा आला, शपथ.

दुसऱ्या अंकापासून पद्धत बदलली. शनिवारी चारला बैठक. चारच्या आत नाही, कारण एक ते चार हे घर बंद असतं, मग बाहेर भूकंप होवो. बैठकीत काय छापायचं हे निवासी ठरवतात. आमच्याकडे कामं तीन: टाइप करायचं, झेरॉक्स काढून आणायची आणि तोंड आवरायचं. तिसरं सगळ्यात अवघड.

(दृश्य: दोन छापील पानं शेजारी शेजारी. एक बारीक अक्षरांचं, एक ठळक.)

थोडं तांत्रिक सांगते, कारण इतर कुठे कोणाला असा अंक काढायचा असेल तर इथेच गाडं अडतं. पुस्तकात अक्षर साधारण अकरा-बारा पॉइंटचं असतं. इथे अठराच्या खाली चालत नाही. कागद गुळगुळीत नको. ट्यूबलाइट त्यावर चमकते आणि मोतीबिंदूवाल्या डोळ्यांना नुसता पांढरा डाग दिसतो. ए-थ्री कागद मधून दुमडला की चार पानं होतात, म्हणून पानं चारच्या पटीत. दोन कागद, आठ पानं, मधोमध दोन पिना. पिनांची टोकं आतल्या बाजूला नीट दाबायची, कारण म्हातारी कातडी कागदासारखीच पातळ असते. हे आम्हाला इथल्या मावशींनी सांगितलं. त्या रोज सगळ्यांना अंघोळ घालतात, त्यांना माहीत.

ज्यांचा हात चालत नाही त्यांचं बोलणं आम्ही फोनवर घेतो आणि फोन ते टाइप करतो. 'अळूचं फदफदं' म्हटल्यावर त्याने काय काय लिहिलं ते इथे सांगण्यासारखं नाही. बैठकीत वाचून दाखवलं तेव्हा एका आजोबांची कवळी हातात आली.

छापण्याआधी प्रत्येकाचा मजकूर त्याला मोठ्याने वाचून दाखवायचा, हा एकमेव नियम आमचा. काल हो म्हणालेलं माणूस आज नाही म्हणू शकतं. इथे काही जणांना तर काल हो म्हटलेलं आठवतही नाही. मग नव्याने विचारायचं. एका आजींनी लिहिलं, मुलगा दिवाळीला येतो आणि घड्याळ बघत बसतो. व्यवस्थापक मॅडमना धाकधूक वाटली. मुलगा वाचेल, रागावेल. मॅडमचंही चूक नव्हतं, फोन त्यांनाच येणार. आजींना वाचून दाखवलं. त्या बराच वेळ पदराशी खेळत होत्या. मग म्हणाल्या, "घड्याळ काढ. येतो एवढं राहू दे." तसं छापलं.

मॅडमचा खरा आक्षेप मात्र शेवटच्या पानाला होता.

(दृश्य: शेवटचं पान. चौकटीतल्या पाट्या.)

शेवटच्या पानावर पाट्या असतात. पुण्यातच आयुष्य गेलेल्या माणसांना दुसरं काय सुचणार? 'आमटीत डाळ शोधून देणाऱ्यास योग्य इनाम.' 'दुपारी १ ते ४ तब्येत विचारू नये.' 'टीव्हीचा रिमोट सार्वजनिक आहे, आवड नाही.' आमटीची पाटी आली त्या महिन्यात स्वयंपाकघर दोन दिवस फुगून बसलं होतं. तिसऱ्या दिवशी आमटी दाट झाली. पुढच्या अंकात लगेच पाटी: 'डाळ सापडली. इनाम रद्द.'

नावाचा घोळ वेगळाच. आम्ही सुचवलं, 'सांजवात'. एक आजी म्हणाल्या, "सांज कोणाची?" 'मावळतीचे रंग' म्हटल्यावर आजोबांनी चष्मा काढला. "मावळतीला आम्हाला कशाला पाठवताय, आम्ही इथे बरे आहोत." पुढच्या शनिवारी अकरा नावं आली. प्रत्येकाला एकच मत पडलं, ज्याचं त्याचं. तेव्हापासून मुखपृष्ठावर, जिथे नाव असतं तिथे, ठळक अक्षरांत छापतो: 'नाव ठरायचे आहे'.

(दृश्य: खिडकीबाहेर पाऊस. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलीने काढलेला नकाशा.)

जुलैच्या अंकात पानशेत येणार हे उघडच होतं. याच रस्त्याने पुढे गेलं की खडकवासला. १२ जुलै १९६१ ला आधी पानशेतचं धरण फुटलं, मग खडकवासल्याचं, आणि मुठेचं पाणी पेठांमध्ये शिरलं. त्या दिवशी गावात असलेली तीन माणसं या टेबलाशी बसली आहेत. एक नारायण पेठेत, एक डेक्कनला, आणि कंपोझिटर आजोबा शनिवार पेठेतल्या छापखान्यात, तेव्हा १९ वर्षांचे. पाणी कितव्या पायरीपर्यंत आलं यावर तिघांचं एकमत होईना. मी भाबडेपणाने फोन काढला, नेटवर बघते म्हणाले. नारायण पेठेच्या आजी म्हणाल्या, "तुझ्या फोनमध्ये आमचा जिना आहे का?"

नव्हता. मग हा नकाशा निघाला. तीन रंगांच्या पेन्सिली, तीन वेगवेगळ्या पाणीरेषा. तिन्ही छापल्या.

आजोबांनी स्वतः लिहायला नकार दिला होता. म्हणायचे, जन्मभर दुसऱ्यांचं जुळवलं, आपलं काय असणार. त्या दिवशी ते आपणहून बोलायला लागले. पाणी ओसरल्यावर छापखान्याचं दार ढकललं तर उघडेना, आतून चिखलाने धरून ठेवलेलं. खिळ्यांच्या केसी, म्हणजे खणांच्या पेट्या, उलटलेल्या, सगळे खण एकमेकांत मिसळलेले. चिखल बादलीत घ्यायचा, पाणी ओतायचं, तळाला हात घालून खिळे चाचपायचे. पोत्यांवर वाळवायचे. मग एकेक खिळा बोटावर धरून ओळखायचा आणि त्याच्या खणात टाकायचा. बोलता बोलता त्यांचा अंगठा तर्जनीवर फिरत होता. तिथे काहीही नव्हतं, तरी ते क ओळखत होते, ग ओळखत होते.

मी विचारलं, सगळे मिळाले?

"मोठे मिळाले. बारीक गेले. अनुस्वार तर बहुतेक सगळे वाहून गेले." नऊ नंबरच्या आजींकडे त्यांनी तिरकं बघितलं. "म्हणून तर सरकारने पुढच्या वर्षी ते काढूनच टाकले."

आजी त्या दिवशी त्यांच्याशी बोलल्या नाहीत. चहा मात्र त्यांनीच पुढे सरकवला.

(दृश्य: रिकामी खुर्ची. टेबलावर पांढऱ्या चिठ्ठ्या.)

ऑगस्टमध्ये एक जागा रिकामी झाली. अळूच्या फदफद्याची कृती सांगणाऱ्या आजी. फोनवर निम्मी कृती सांगून झाली होती, उरलेली पुढच्या शनिवारी सांगणार होत्या. आमच्यातला एक म्हणाला, कृती साधीच आहे, पुढचं मी लिहितो. आजोबांनी कागदावरून नजरही न उचलता म्हटलं, "तुम्ही त्यांच्या हातचं खाल्लंय?"

जेवढं सांगितलं होतं तेवढंच छापलं. अळू चिरताना हाताला चिंच लावायची. देठं सोलून घ्यायची. हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे आदल्या रात्री भिजवायचे. पानं शिजली की घोटायची. 'मग चिंचेचा कोळ, आणि त्यानंतर'. तिथे ओळ संपते. खाली अर्धी चौकट कोरी सोडली.

(दृश्य: चिठ्ठ्या एकेक उलगडल्या जातात.)

त्या कोऱ्या चौकटीसाठी महिनाभर डब्यात चिठ्ठ्या पडत होत्या. कोकणातल्या एकीचं म्हणणं, त्यानंतर गूळ. देशावरच्या एकीचं, गूळ आधीच पडायला हवा होता. एकीने नुसतं लिहिलंय, 'ओल्या खोबऱ्याच्या कातळ्या. विसरू नये.' आणि आयुष्यात गॅस न पेटवलेल्या एका आजोबांनी मेथीच्या फोडणीवर दीड पान लिहून दिलंय, बायको कशी करायची ते आठवून.

सातव्या अंकात चारही जशाच्या तशा आहेत. आज सकाळी पाचवी आली. निळी शाई, सगळी टिंबं जागच्या जागी. तिच्यांत मुळा आहे.