लॅबचं कुलूप

(दृश्य : शाळेचा लांब व्हरांडा, दुपारची सुट्टी. टोकाच्या खोलीच्या दाराला कुलूप.)

अमळनेरच्या बाजूची ही शाळा. नाव सांगत नाही, कारण ही गोष्ट एकट्या या शाळेची नाही. व्हरांड्याच्या टोकाला दिसते ती खोली म्हणजे आमची कॉम्प्युटर लॅब. आत जायचं तर चपला बाहेर, पाय झटकायचे आणि रांगेनं शिरायचं. मॉनिटरवर फुलाफुलांच्या कापडाच्या खोळी. दहा कॉम्प्युटर, त्यातले सात चालू. वर्गात आम्ही पन्नासच्या वर. आठवड्याला एक तास, तोही लाइट असली तर. एका माउसवर तीन-तीन हात पडायचे.

साल २०१२. मी आठवीत होतो.

माझ्या शेजारी बसणारा मित्र कापूस वेचायला जाणाऱ्या आईचा एकुलता एक मुलगा. आमच्या वर्गात कॉम्प्युटरचं वेड सगळ्यात जास्त त्याला. तासाची घंटा व्हायच्या आधीच तो दाराशी उभा असायचा. त्या दिवशी आम्ही दोघांनी लॅबमध्ये पेनड्राइव्ह लावला. त्यात गाड्यांच्या शर्यतीचा एक गेम होता, गावातल्या मोबाईल रिचार्जच्या दुकानातून भरून आणलेला. पेनड्राइव्ह माझा होता. कॉम्प्युटरला लावला मित्राने.

गेम चालूच झाला नाही. दुसऱ्या दिवशी सरांनी तोच कॉम्प्युटर उघडला, तर सहामाहीच्या प्रश्नपत्रिकांचे फोल्डर गायब. त्यांच्या जागी नुसते शॉर्टकट, क्लिक केलं तरी काहीच न उघडणारे. सरांनी रात्री जागून मराठी टायपिंग केलं होतं. त्यांचा चेहरा अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. राग होताच, पण रागापेक्षा घाबरलेपण जास्त होतं. परीक्षा चार दिवसांवर आली होती.

मग जे व्हायचं ते झालं. प्रार्थनेच्या वेळी आम्हाला झेंड्याच्या कट्ट्याजवळ उभं केलं. सगळ्या शाळेसमोर अंगठे धरायला लावले. पाठीत दोन-दोन रट्टे बसले. वर्गात आमची नावं "व्हायरस" पडली. पालकांना बोलावणं गेलं, आणि शेवटी हुकूम आला : दोघांनाही लॅब बंद. किती दिवस, ते कुणी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. विचारायची सोयच नव्हती.

(दृश्य : कापसाचं शेत, ओटीत बोंडं भरणारे हात.)

वेचणीचे दिवस होते. वेचणीला मजुरी किलोवर मिळते. अर्धा दिवस शाळेत गेला तर तेवढे किलो कमी. मित्राची आई शेतातूनच आली, ओटी तशीच बांधलेली. ऑफिसच्या दारात उभी राहून ती एवढंच म्हणाली, "सर, मना आंडोर चोर नही शे." माझा मुलगा चोर नाही. तिला वाटलं होतं, पोराने शाळेतून काहीतरी चोरलं. कॉम्प्युटरमधून फोल्डर जातो म्हणजे काय होतं, ते तिला कुणी समजावून सांगितलंच नाही.

माझे वडील स्वतः शिक्षक. ते ऑफिसात खुर्चीवर बसले, चहा झाला, "पोरं आहेत, चुकतात" असं बोलणं झालं. त्या माउलीला कुणी बस म्हटलं नाही.

आणि ते फोल्डर? ते कुठेच गेले नव्हते. रिचार्जच्या दुकानातल्या पोराला बोलावलं, त्याने सेटिंगमध्ये जाऊन लपवलेल्या फाइल दिसतील असं केलं, आणि प्रश्नपत्रिका जिथल्या तिथे होत्या. हा शॉर्टकट व्हायरस तेव्हा गावोगाव पेनड्राइव्हमधून फिरत होता. तो फाइल पुसत नाही, लपवतो आणि त्यांच्या जागी खोटे शॉर्टकट मांडतो. दोन मिनिटांचं काम. परीक्षा वेळेवर झाली. आमची लॅबबंदी मात्र उठली नाही.

इथे मला थांबून एक गोष्ट सांगायची आहे, कारण ही फिल्म मी तेवढ्यासाठीच केली. शिक्षा दोघांना सारखी झाली, असं तेव्हा सगळे म्हणाले. मीही तसंच समजत होतो. पण माझ्या घरी वडिलांचा कॉम्प्युटर होता. शाळेत बंदी, तर मी संध्याकाळी घरी बसून तेच करत होतो, उलट जास्तच. माझ्या मित्रासाठी जगात कॉम्प्युटर एकाच ठिकाणी होता, त्या खोलीत. तिचं दार बंद झालं आणि त्याचा विषयच संपला. तासाला तो व्हरांड्यात उभा राहायचा आणि खिडकीच्या जाळीतून आत बघायचा. मी कधीकधी त्याच्याबरोबर उभा राहायचो, कधीकधी नाही राहायचो.

खान्देशात आजही अशा शाळा आहेत, जिथे मुलाच्या हाताला कीबोर्ड लागतो तो शाळेतच. घरात मोबाईल आला आहे, पण एकच, आणि तो वडिलांबरोबर शेतात किंवा ट्रकवर. सातपुड्यात शहादा-धडगावकडे जा, रेंजच मिळायची मारामार. तिथल्या पोराला "तुला लॅब बंद" म्हणणं आणि जळगाव शहरात घरी लॅपटॉप असलेल्या पोराला तेच म्हणणं, या दोन वेगवेगळ्या शिक्षा आहेत. शब्द सारखे असले म्हणून शिक्षा सारखी होत नाही.

(दृश्य : सरकारी अधिनियमाच्या पुस्तकाची पानं.)

आता कायदा. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याचं कलम १७ स्पष्ट आहे : मुलाला शारीरिक शिक्षा करायची नाही आणि त्याचा मानसिक छळही करायचा नाही. करणाऱ्यावर सेवानियमांप्रमाणे शिस्तभंगाची कारवाई होते. म्हणजे आमच्या पाठीत बसलेले रट्टे तेव्हाही बेकायदा होते, आणि सगळ्यांसमोर वाकवून उभं करणंही. त्याच कायद्याचं कलम १६ म्हणतं की आठवीपर्यंतच्या मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. तरी "दाखला हातात देईन" ही धमकी आजही रोज ऐकू येते. दाखल्याची भीती काय असते, ते गावातल्या माणसाला विचारा. त्यावर "वर्तणूक" असा रकाना असतो, खाली "शेरा" असतो. त्या दोन ओळींत काय लिहितात त्यावर पुढच्या शाळेच्या दारात मुलाकडे कोणत्या नजरेने बघतील ते ठरतं.

दुसरी धमकी, "सायबर पोलिसांत देईन". माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. कलम ४३ मध्ये परवानगीशिवाय कॉम्प्युटरमध्ये शिरणं, माहिती काढून घेणं, व्हायरस सोडणं हे सगळं येतं, आणि त्यासाठी नुकसानभरपाई आहे. पण तुरुंगाची गोष्ट येते कलम ६६ मध्ये, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि तिथे एक अट घातली आहे. तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा लबाडीने केलेलं असलं पाहिजे. मोठ्या माणसाला शिक्षा करतानाही कायदा आधी विचारतो की तुझ्या मनात काय होतं. तेरा वर्षांच्या मुलाला आमच्या ऑफिसात हा प्रश्न कुणी विचारला नाही. "का केलंस" असं म्हणाले, पण ते उत्तर ऐकण्यासाठी नव्हतं.

अठरा वर्षांच्या आतल्या मुलाने खरंच गुन्हा केला तरी तो जातो बाल न्याय मंडळासमोर. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात कलम २४ आहे. काही घोर गुन्ह्यांचा अपवाद सोडला तर त्या मुलाची नोंद ठरावीक मुदतीनंतर नष्ट करायची, म्हणजे ती आयुष्यभर त्याच्या मागे लागत नाही. गुन्ह्याला ही सवलत आहे, आणि शाळेत गेम लावणाऱ्या पोराच्या दाखल्यावरचा शेरा मात्र तसाच राहतो.

(दृश्य : लॅबमधलं कपाट, जुनी रजिस्टरं.)

सरांची बाजूही सांगितलीच पाहिजे. शाळांना कॉम्प्युटर देण्याची केंद्राची योजना २००४ सालची. यंत्रं आली, पण ती सांभाळणारा माणूस पुष्कळ ठिकाणी कंत्राटावर, तुटपुंज्या पगारावर. एकेक माउस डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीत, चढलेला असतो. तपासणीला साहेब आले की आधी रजिस्टर मागतात आणि मग मशीन मोजतात. एक हार्डडिस्क गेली तर लिहून कोण देणार? दुरुस्तीला पैसे कुठून आणणार? आमच्या सरांनी दोनदा स्वतःच्या खिशातून मेकॅनिक बोलावला होता, हे मला खूप उशिरा कळलं. ज्याच्या डोक्यावर नुकसानीची टांगती तलवार आहे तो माणूस पोरांना यंत्राजवळ फिरकू देत नाही. त्या भीतीची शिक्षा शेवटी पोरांनी भोगली. सरांना मी दोष देत नाही. पण शिक्षा चुकीची होती, हे आज त्यांच्यासमोर बसूनही म्हणेन.

सगळीच प्रकरणं गेमची नसतात, हेही खरं. स्नेहसंमेलनातला एका मुलीचा फोटो उचलून तिच्या नावाने इन्स्टाग्रामवर खोटं खातं काढतात. खाली घाण लिहितात. खान्देशातल्या छोट्या गावात अशी बातमी एका संध्याकाळीत पारापर्यंत पोचते. मग शाळा काय करते? मुलाला आठ दिवस घरी पाठवते, आणि मुलीचे वडील मुलीला कायमची घरी बसवतात. आठ दिवसांनी तो परत बाकावर येतो, तिचं बाक रिकामं. इथे शिक्षा मुलाला झाली, असं मी म्हणूच शकत नाही.

अशा वेळी "पोरं आहेत, चुकतात" हे वाक्य माझ्या तोंडून येणार नाही. दुसऱ्याची ओळख लबाडीने वापरणं हा त्याच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-सी खाली गुन्हा आहे. मजकूर किंवा चित्र लैंगिक असेल आणि मुलगी अठराच्या आत असेल, तर २०१२ चा पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा लागतो. त्याच्या कलम १९ प्रमाणे माहिती असलेल्या माणसाने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, मुख्याध्यापकांनीही. गावातल्या गावात मिटवून टाकायची मुभा कायदा देत नाही. सायबर तक्रारीसाठी १९३० आणि मुलांसाठी १०९८ हे दोन्ही क्रमांक लॅबच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावेत. आणि शाळेचं पहिलं काम मुलाला शिक्षा करणं नव्हे. त्या मुलीच्या घरी जाऊन तिला परत वर्गात आणून बसवणं हे पहिलं काम आहे. ते झाल्यावर बाकीचं.

आमच्याकडे मात्र पेनड्राइव्ह, वॉलपेपर बदलणं, सरांचा पासवर्ड बघून टाकणं आणि मुलीची बदनामी, या सगळ्याला एकच नाव आहे : "कॉम्प्युटरचा गैरवापर". नाव एक म्हणून शिक्षाही एकाच पिशवीतून निघते. खेळकर पोर त्यात चिरडलं जातं आणि खरा त्रास देणारा सहज सुटतो.

(दृश्य : अमळनेर, प्रताप हायस्कूलची जुनी इमारत.)

याच अमळनेरात, प्रताप हायस्कुलात, १९२४ साली साने गुरुजी शिक्षक म्हणून आले. छात्रालय त्यांच्याकडे होतं. मुलांनी खोल्या अस्ताव्यस्त टाकल्या की गुरुजी स्वतः केरसुणी घ्यायचे आणि झाडायला लागायचे. मुलांचे कपडेही धुऊन ठेवायचे. मुलं लाजायची आणि दुसऱ्या दिवशी स्वतः झाडायची. सगळ्यांना हे जमेल असं मी म्हणत नाही. पण शिस्त लावायला पोराला वाकवावंच लागतं, हे म्हणणारा माणूस निदान या गावात तरी शोभत नाही.

दूर अमेरिकेत, सिएटलच्या लेकसाइड शाळेतल्या काही मुलांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस एका कंपनीच्या कॉम्प्युटरमधल्या उणिवा हेरून फुकट वेळ मिळवला. त्यांत बिल गेट्स आणि पॉल ॲलन होते. कंपनीने त्यांच्यावर एका उन्हाळ्यापुरती बंदी घातली. उन्हाळा संपल्यावर त्याच मुलांना काम मिळालं : उणिवा शोधून द्या, बदल्यात कॉम्प्युटरचा वेळ घ्या. ती पुढे मोठी झाली म्हणून मी हे सांगत नाही. बंदी झाली ते योग्यच झालं. मला त्यातली मुदत महत्त्वाची वाटते, आणि मुदतीनंतर दिलेलं काम. आमच्या सरांनी जर म्हटलं असतं, "पंधरा दिवस लॅब बंद, सोळाव्या दिवसापासून दर शनिवारी सगळ्या मशीनचा अँटिव्हायरस तुम्ही दोघांनी बघायचा," तर माझा मित्र शनिवारची वाट बघत बसला असता.

(दृश्य : तीच लॅब, दार उघडं. दोन माणसं आत येतात.)

चित्रीकरणासाठी शाळेने लॅब उघडून दिली. मित्राला मी बरोबर नेलं. तो आता केळीच्या गाडीवर असतो, रावेरहून माल भरतो. चेहरा दाखवायचा नाही म्हणाला, म्हणून तुम्हाला त्याचे हात दिसतात. आत नवीन मशीन आहेत. खोळी नाहीत.

आताच्या बाईंनी कपाटातून जुनी रजिस्टरं काढून दिली. डेड स्टॉकमध्ये आमचे दहाही कॉम्प्युटर सापडले. प्रत्येकासमोर लाल शाईत "निर्लेखित", तारीख, सही. भंगारात गेले. दुसऱ्या, लॅबच्या रजिस्टरमध्ये नोव्हेंबर २०१२ चं पान आहे. दोन नावं, पुढे "लॅब प्रवेश बंद", मुख्याध्यापकांची सही. "पासून" या रकान्यात तारीख आहे. "पर्यंत" हा रकाना कोरा आहे.

मित्राने त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं आणि बाईंना विचारलं, "बसू का एखाद्यावर?"

बाईंनी खुर्ची ओढून दिली.