रिश्टर किती ते सोडा, कॉलम दाखवा

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'मध्यम भूकंप आणि भोवतालची गावं'. तिकडं वळतोच. पण कोल्हापुरात रंकाळ्यावाचून व्याख्यान सुरू कसं करायचं? तिथं पूर्वी दगडाची खाण होती, आठव्या-नवव्या शतकात भूकंप झाला आणि खाणीत पाणी भरलं, असं परंपरेनं सांगतात. पुरावा मागू नका. भेळ खाताना कुणी पुरावा मागत नाही.

आता माझं दुखणं. पावसाळ्यातली रात्र, वारणेच्या बाजूचा धक्का. मांडणीवरची भांडी वाजली आणि आमचं अख्खं अपार्टमेंट खाली आलं. म्हणजे माणसं आली, इमारत नाही. (हशा) बाहेर भुरभुर सुरू. मग सगळे उभे कुठं राहिले? पार्किंगमध्ये! चार मजले डोक्यावर घेऊन. मी स्थापत्य अभियंता, एकटाच रस्त्यावर भिजतोय, आणि आतून हाका, "काका, आत या, सर्दी होईल!" जो तो मोबाईलवर रिश्टर किती ते बघतोय.

अहो, वरच्या मजल्यांना विटांच्या भिंती असतात, त्या ताठ. खाली नुसते कॉलम. जमीन आडवी हलली की वाकायचं सगळं काम त्या कॉलमांच्या वाट्याला येतं. 2001 च्या भूज भूकंपात केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून लांब अहमदाबादेत अशा पार्किंगवाल्या इमारती बसल्या.

दुसऱ्या दिवशी बॅटरी घेऊन बघितलं. एका कॉलमचा कोपरा चक्क तासलेला, कुणाची तरी गाडी वळत नव्हती म्हणून. आतली रिंग, म्हणजे उभ्या सळ्यांना कवटाळणारी आडवी सळी, उघडी; तिचं टोक काटकोनात वळवून सोडलेलं. ते 135 अंशांत वळवून काँक्रीटच्या पोटात घालावं लागतं. नाहीतर वरचा थर सुटला की रिंग उघडते आणि उभ्या सळ्या बाहेर फुगतात. हे मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये मांडलं. उत्तर काय? "काका, आम्ही लहान असल्यापासून कोयना हलतीय, काय झालं?" ठराव झाला तो कॉलमला पिवळे-काळे पट्टे मारायचा. गाडी घासू नये म्हणून!

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत म्हणे. मग मूळ विषय पळवतो.

काय झालं म्हणता? 11 डिसेंबर 1967, पहाटे 4.21. कोयनानगरात सुमारे 180 माणसं गेली. धरणाला तडे गेले, पण ते उभं राहिलं; पुढं त्याला बळकटी दिली. शिवाजीसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयात, पाणी अडवायला लागल्यावरच तिथं धक्के सुरू झाले होते. पाण्याचं वजन आणि खोल भेगांतला दाब, दोन्हींनी आधीच ताणलेला खडक सरकतो. वारणेचं धरण 1985 पासून भरू लागलं, पुढं धक्क्यांचा पट्टा दक्षिणेला, म्हणजे आपल्याकडं सरकला.

किल्लारी, 30 सप्टेंबर 1993, तीव्रता 6.2. कोयनेचा धक्का याहून थोडा मोठाच, तरी किल्लारी परिसरात हजारोंनी माणसं गेली. दगड-मातीच्या जाड भिंती, वर मातीचं वजनदार माळवद, आणि माणसं झोपेत. शिवाय तिथं वस्ती दाट. मध्यम भूकंप कुठं मध्यम राहतो आणि कुठं नाही, ते घर ठरवतं, आणि घराखालची माती. नदीकाठच्या गाळाच्या जमिनीत हलणं वाढतं, कातळावर कमी. कोयना परिसर चौथ्या भूकंपक्षेत्रात धरत आले, आपण तिसऱ्यात; आकडा मोठा तितका धोका जास्त. कोयनानगर इथून सरळ रेषेत नव्वदएक किलोमीटर. तिथं भूकंप झाला की त्याची पहिली लाट साधारण पंधरा सेकंदांत पोचते, जोराची दुसरी त्यानंतर दहाएक सेकंदांनी. तेवढ्यात जिना उतरून होत नाही, टेबलाखाली शिरून होतं.

पेठेतल्या जुन्या वाड्यांचं विचारताय? दगडी भिंतीचे दोन पदर सुटे होऊ नयेत म्हणून अधूनमधून आरपार दगड बसवायचे, छताखाली चारी बाजूंनी काँक्रीटची पट्टी फिरवायची. कागदावर काढून दाखवतो, खाली चहाच्या टेबलाशी या.