क्रिएटिनिन नॉर्मल आलं म्हणजे किडनी ठीक, असं नाही हो

नमस्कार मंडळी, आज किडनीच्या टेस्टबद्दल बोलूया, कारण रिपोर्ट हातात आला की आपण काय करतो, क्रिएटिनिनचा आकडा बघतो, रेंजमधे दिसला की कागद घडी घालून ड्रॉवरमधे.

आता बघा, क्रिएटिनिन म्हणजे किडनी रक्तातून बाहेर टाकते तो कचरा, आणि तो बनतो स्नायूंमधून, म्हणजे ज्याचे स्नायू कमी त्याचं क्रिएटिनिन मुळातच कमी. २५ वर्षांच्या मुलाचं १.१ आलं आणि ७५ वर्षांच्या आजींचंही १.१ आलं, तर बऱ्याच लॅबच्या कागदावर दोघंही नॉर्मलच, पण हिशोब केला की मुलाचा ईजीएफआर येतो ९५ च्या आसपास आणि आजींचा जेमतेम ५२! ईजीएफआर म्हणजे किडनी मिनिटाला किती रक्त गाळून साफ करते त्याचा अंदाज, तो वय आणि स्त्री की पुरुष हे धरून काढतात. ६० च्या खाली तीन महिने राहिला तर तो किडनीचा जुनाट आजार. म्हणून रिपोर्टवर ती ओळ शोधा, नसेल तर लॅबवाल्यांना सरळ विचारा.

दुसरी टेस्ट लघवीची, आणि खरं सांगते, हिच्याकडे फार दुर्लक्ष होतं याचं मला वाईट वाटतं. लघवीतलं अल्ब्युमिन (हे एक प्रोटीन) आणि क्रिएटिनिन यांचं प्रमाण काढतात, एसीआर म्हणतात त्याला, ३० च्या आत असलं की बरं. किडनीची गाळणी खराब व्हायला लागली की प्रोटीन लघवीत झिरपतं, कधी कधी तर लघवीला साबणासारखा फेस येतो आणि बराच वेळ बसत नाही, पण सुरुवातीला डोळ्यांना काहीच दिसत नाही, दुखत तर नाहीच, आणि रक्तातलं क्रिएटिनिन तेव्हा अगदी छान असू शकतं. शुगर किंवा बीपी असेल त्यांनी या दोन्ही टेस्ट वर्षातून एकदा कराच, टाईप टू शुगर असेल तर निदान झालं त्याच वर्षापासून.

सॅम्पल शक्यतो सकाळच्या पहिल्या लघवीचं द्या. ताप असेल, युरिन इन्फेक्शन असेल, पाळी चालू असेल किंवा आदल्या दिवशी जिममधे खूप घाम गाळला असेल तर थोडं थांबा, नाहीतर आकडा उगाच वाढून येतो. आणि एकदा वाढलेला आला म्हणून रात्रभर जागू नका, डॉक्टर तीन महिन्यांत पुन्हा करायला सांगतात, तेव्हा जाताना जुना कागद सोबत न्या, दोन्ही शेजारी ठेवले की त्यांनाही लगेच कळतं आकडा कुठे चाललाय ते.