कानातला माग

सभ्य स्त्री-पुरुषहो,

सोलापुरात कान-नाक-घशाचे डॉक्टर म्हणून बसणाऱ्याला हिवाळा लागल्याचे कॅलेंडर न पाहताही कळते. दिवाळी उलटते, रात्री गार होऊ लागतात, घरोघरचे कूलर आणि पंखे बंद होतात आणि आठवड्याभरात ‘कानात आवाज येतो’ म्हणणाऱ्यांची रांग वाढते. हा आवाज नवा नसतो. ४४ अंशांच्या उन्हाळ्यात कूलरच्या घरघरीखाली तो दबलेला असतो आणि घर शांत झाले की तो एकटाच उरतो. कुणी त्याला शीळ म्हणते, कुणी रातकिडा, कुणी कुकरची वाफ. शहराच्या पूर्व भागातले तेलुगू भाषक रुग्ण ‘चेविलो होरु’ म्हणतात आणि ज्यांना कोणत्याच भाषेत सांगता येत नाही ते कानाशी हात नेऊन नुसते ‘सुंऽऽ’ करून दाखवतात. सुश्रुतसंहितेतल्या कानाच्या २८ रोगांत कर्णनाद आणि कर्णक्ष्वेड असे दोन निराळे रोग सांगितले आहेत; तेव्हा तक्रार जुनीच आहे. बाहेर काही वाजत नसताना कानात येणाऱ्या या आवाजाला मी इथे कर्णनादच म्हणेन.

हा आवाज येतो कुठून? यंत्रमागाच्या शेडमध्ये धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारी कांडी, फेकला जाताना होणारा आवाज १०० डेसिबलच्या आसपास असतो. कारखान्यांच्या नियमांत ८ तासांच्या कामासाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे आणि १० डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची ऊर्जा दहापट होते. अशा शेडमध्ये बारा तासांच्या पाळीत तीस वर्षे उभा राहिलेला माणूस कानात कापसाचा बोळासुद्धा घालत नाही, कारण माग बिघडला तर तो आवाजावरूनच कळतो, असे तो सांगतो. ते खोटेही नाही. आपल्या अंतर्कर्णातल्या शंखाकृती नळीत सुमारे १५,००० केसपेशी असतात. ध्वनीच्या कंपनांचे विद्युत संदेशांत रूपांतर करण्याचे काम त्यांचे, आणि माणसात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. त्या गेल्यावर मेंदूकडे येणारे संदेश कमी होतात, आणि दूरचे स्टेशन लागेना म्हणून रेडिओचा आवाज वाढवत न्यावा तसा मेंदू आपली संवेदनशीलता वाढवत नेतो. मग स्टेशनाऐवजी खरखर ऐकू येते, असा सध्या बहुतेक संशोधकांना पटणारा खुलासा आहे. म्हणजे आवाज ‘कानात’ आहे असे वाटले, तरी तो मुख्यतः मेंदूत तयार होत असतो.

आता खरा प्रश्न. जगभरातल्या अभ्यासांचा एकत्रित अंदाज असा की प्रौढांपैकी सुमारे १४ टक्के लोकांना कर्णनाद असतो, पण तीव्र म्हणावा इतका त्रास एकूण प्रौढांपैकी सुमारे २ टक्क्यांनाच होतो. उरलेल्यांचे काय? १९५३ साली अमेरिकेत हेलर आणि बर्गमन या संशोधकांनी ऐकण्याची काहीही तक्रार नसलेल्या ८० माणसांना ध्वनिरोधक खोलीत बसवले आणि जे ऐकू येईल ते सांगायला सांगितले. त्यांपैकी ९४ टक्के लोकांनी काही ना काही आवाज ऐकू आल्याचे सांगितले. म्हणजे पुरेशी शांतता मिळाली तर आपण बहुतेक सगळेच थोडाफार कर्णनाद ऐकू शकतो. त्याहून चक्रावणारी गोष्ट अशी की, यंत्रावर बाहेरचा आवाज लावून रुग्णाच्या कानातल्या आवाजाशी त्याची तुलना केली, तर तो आवाज बहुधा ऐकू येण्याच्या उंबरठ्याच्या फार तर ५ ते १० डेसिबल वर भरतो. रेल्वे इंजिन डोक्यात चालू असल्यासारखे वाटते म्हणून रडणाऱ्याचा आवाज आणि ‘असतो कधीकधी’ म्हणून हसणाऱ्याचा आवाज मापात जवळपास सारखा निघालेला मी अनेकदा पाहिला आहे.

हा फरक कुठून येतो, याचे सर्वांत उपयोगी उत्तर पावेल यास्त्रेबॉफ या संशोधकाने १९९० मध्ये मांडलेल्या सिद्धान्तात सापडते. मेंदूत सतत असंख्य संदेश येत असतात आणि निरुपद्रवी ठरलेले संदेश तो दारातूनच परत पाठवतो. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक आपल्याला म्हणूनच ऐकू येत नाही. पण एखाद्या आवाजावर एकदा ‘धोका’ असा शिक्का बसला, तर भावनांची केंद्रे आणि हृदयाचे ठोके, घाम अशा आपोआप चालणाऱ्या गोष्टी सांभाळणारी स्वायत्त मज्जासंस्था जागी होते आणि तो आवाज सतत पहाऱ्याखाली राहतो. पहारा असतो म्हणून तो अधिक ऐकू येतो आणि अधिक ऐकू येतो म्हणून भीती वाढते.

या पहाऱ्याची किंमत सगळे शरीर चुकते करते. छाती धडधडते, मान आणि खांदे ताठतात, झोपेत दात आवळले जातात आणि सकाळी डोके दुखत उठावे लागते. जबडा घट्ट आवळला किंवा मान वळवली की आवाज बदलतो, असे बऱ्याच रुग्णांच्या लक्षात येते, कारण मान-जबड्याकडून येणाऱ्या नसांचा श्रवणमार्गाशी मेंदूच्या बुंध्यातच संबंध येतो. काहींना ताटल्यांचा खणखणाट, लेकरांचा ओरडा असे साधे आवाजही असह्य होतात. सर्वांत मोठे नुकसान मात्र झोपेचे. दिवसभराच्या गोंगाटात कसाबसा निभावलेला माणूस उशीवर डोके टेकतो तेव्हाच आवाज मोठा होतो. झोप न झाल्यामुळे दुसऱ्या दिवशी सहनशक्ती कमी पडते, आणि कमी सहनशक्तीच्या माणसाला तोच आवाज काल होता त्यापेक्षा मोठा वाटतो.

माझ्याकडे आलेले एक निवृत्त माग-कामगार मला या संदर्भात नेहमी आठवतात. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून सांगतो. वय साठीच्या आत, सोबत पत्नी. ते गप्प होते, बोलत होत्या त्या बाई: ‘यांनी भजनाला जाणं सोडलं, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला यंदा आले नाहीत, नातवाला रागे भरतात, आणि रात्री तीनला ओसरीवर बसलेले असतात.’ ऐकू कमी येत असल्याने दुसऱ्याचे बोलणे समजून घेण्यात इतकी शक्ती जाते की लोकांत जाणेच नको वाटते. घरचे त्याला तऱ्हेवाईकपणा म्हणतात, कारण प्लास्टर घातलेला पाय दिसतो, कानातला माग दिसत नाही. बाई बाहेर गेल्यावर ते म्हणाले, ‘डॉक्टरसाहेब, गिरणीचा भोंगा वाजायचा तर बंद तरी व्हायचा.’ मग थोडे थांबून, जगणे नको झाले आहे, असेही बोलले.

अशा वाक्यावर डॉक्टराने कागदावर मान खाली घालू नये. तीव्र कर्णनादात चिंता आणि नैराश्य सर्रास आढळते, आणि आत्महत्येचा विचार येतो का, हे थेट विचारले पाहिजे. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. कुणाच्या घरी अशी वेळ आली तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांक दिवसरात्र मोफत चालतो आणि तिथे मराठीत बोलता येते.

या गृहस्थांना माझ्याआधी तीन ठिकाणी एकच उत्तर मिळाले होते: ‘याला औषध नाही, सवय करून घ्या.’ सुरुवातीची काही वर्षे मीही हेच सांगत होतो, तेव्हा दुसऱ्याला दोष देण्याचा अधिकार मला नाही. वाक्याचा पहिला अर्धा भाग खरा आहे. आवाज घालवणारी खात्रीची गोळी आज उपलब्ध नाही. पण सवय ही ‘करून घ्या’ म्हणून होत नसते, ती शिकवावी लागते, आणि ते वाक्य ऐकून रुग्ण आवाजावरचा ‘धोका’ हा शिक्का अधिकच पक्का करून घरी जातो.

त्याआधी अर्थातच तपासणी हवी. कधी नुसता मळ निघतो. पण आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर धकधक होत असेल किंवा सोबत चक्कर असेल तर सविस्तर तपास टाळू नये. आणि एका दिवसात अचानक ऐकू येईनासे झाले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, कारण स्टेरॉइडचा उपयोग लवकर दिला तरच होण्याची शक्यता अधिक. क्षयरोगावरचे स्ट्रेप्टोमायसिन, कर्करोगावरचे सिस्प्लॅटिन, मलेरियावरचे क्विनीन, मोठ्या मात्रेतले ॲस्पिरिन यांनीही कान वाजू शकतात. ती औषधे आपल्या मनाने बंद मात्र करू नयेत. लसूण घालून कढवलेले तेल कानात ओतणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे की ते फोडणीतच राहू द्या.

या गृहस्थांना प्रथम श्रवणयंत्र दिले, कारण बाहेरचे आवाज नीट पोचले की मेंदूला आतला आवाज वाढवण्याचे कारण कमी होते. आवाजाचे कारण चित्र काढून समजावले, पत्नीलाही. रात्री पूर्ण शांतता नको म्हणून पंखा हळू चालू ठेवायला सांगितला. पंख्याचा आवाज कानातल्या आवाजापेक्षा थोडा कमीच ठेवायचा. कानातला आवाज पूर्ण झाकला तर मेंदूला त्याची सवय होत नाही. आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपीसाठी, म्हणजे विचारांची आणि वागण्याची पद्धत बदलायला शिकवणाऱ्या उपचारासाठी, पाठवले, ज्यावर ते आधी चिडले: ‘मी काय वेडा आहे?’ या उपचाराने आवाजाची पातळी बदलत नाही, पण त्याचा जाच कमी होतो, असा पुरावा इतर कोणत्याही उपायापेक्षा याच्या बाजूने अधिक भक्कम आहे. नैराश्यासाठी वेगळे औषधही सुरू करावे लागले.

आठ-नऊ महिने लागले, मध्ये दोनदा सगळे सोडून द्यायला निघाले होते. हल्ली आवाज आहे का, असे मी विचारले तर ते क्षणभर थांबून कान देतात आणि मग ‘आहे की’ म्हणतात. भजनाला जातात, मात्र झांजांपासून लांब बसतात. बाईंची तक्रार आता निराळी आहे: ऐन डिसेंबरात पंखा चालू असतो आणि त्यांना दोन चादरी घ्याव्या लागतात.