एचडीएमआयची वायर आणि हॉलमधला टीव्ही

[दृश्य: राजारामपुरीतली एडिटिंगची खोली. टेबलावर मॉनिटर, शेजारी भिंतीवर ३२ इंची टीव्ही.]

लग्नसराईत कोल्हापुरातल्या एडिटिंगच्या खोल्यांमध्ये रात्री उशिरापर्यंत लाइट चालू असते. हळद, अक्षता, वरात, सगळं टाइमलाइनवर, म्हणजे एडिटिंग सॉफ्टवेअरमधल्या पट्टीवर, मांडलेलं असतं. कापणं-जोडणं होतं कॉम्प्युटरवर, पण लग्नाची फिल्म बघितली जाते घरच्या टीव्हीवर, पै-पाहुणे जमवून. या दोन पडद्यांवर चित्र सारखं दिसत नाही. तो फरक पहिल्यांदा एडिटरच्या डोळ्यांना दिसायला हवा, म्हणजे एडिटिंग करतानाच चित्र टीव्हीवरही बघायला हवं, आणि त्यासाठी फार खर्च येत नाही.

ज्या गावात बाबुराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला, १९२९ साली जिथं प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली, तिथं हाताशी असलेल्या सामानातून वाट काढणं नवीन नाही.

[दृश्य: कपाटातून निघालेला मिनी डीव्ही कॅमेरा. पिवळी, पांढरी, लाल पिन.]

टेपच्या काळात हा कॅमेराच कामाला यायचा. कॉम्प्युटरमधून फायरवायरची केबल कॅमेऱ्यात, आणि कॅमेऱ्यातून या तीन पिना जुन्या डबा टीव्हीला. टाइमलाइन चालवली की चित्र थेट टीव्हीवर. तेव्हाच्या टीव्हीची पाल पद्धत, ७२० बाय ५७६ ठिपके, सेकंदाला २५ फ्रेम, आणि एका फ्रेमची दोन फील्ड, म्हणजे एकाआड एक ओळींचे दोन भाग. फील्डचा क्रम उलटा पडला तर कॉम्प्युटरवर पटकन कळायचं नाही. टीव्हीवर मात्र नाचणारा माणूस थरथरताना दिसायचा. वेगळं कार्ड विकत न घेता ही चूक घरातच पकडता यायची.

[दृश्य: लॅपटॉपला एचडीएमआय केबल लागते.]

आता एक एचडीएमआय केबल पुरते. लॅपटॉपला फक्त टाइप-सी असेल तर त्या पोर्टमधून व्हिडिओ बाहेर येतो का, हे आधी विचारून घ्या. प्रत्येक टाइप-सीमधून येत नाही. टीव्ही जोडला की डिस्प्ले सेटिंगमध्ये ‘एक्स्टेंड’ करा, म्हणजे टीव्ही दुसरा पडदा होतो. प्रीमियर प्रो या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये प्लेबॅकच्या सेटिंगमध्ये मर्क्युरी ट्रान्समिट चालू करून टीव्ही निवडला की त्यावर फक्त चित्र उरतं, मेनू आणि पट्ट्या मॉनिटरवर राहतात.

पण वायर लावली म्हणजे काम झालं असं नाही. इथंच थोडा वेळ द्यावा लागतो.

[दृश्य: टीव्हीवर नवरीचा क्लोजअप.]

या मंगळसूत्राकडे बघा. मॉनिटरवर काळे मणी सुटे सुटे दिसतात, टीव्हीवर त्यांचा एक काळा पट्टा झालाय. कॉम्प्युटर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत ० ते २५५ पाठवतोय आणि टीव्ही १६ ते २३५ धरून बसलाय. १६च्या खालचं सगळं त्याच्या लेखी काळंच. टीव्हीच्या सेटिंगमधली ब्लॅक लेव्हल बदला, नाहीतर ग्राफिक्स कार्डच्या सेटिंगमध्ये रेंज ‘लिमिटेड’ करा. मणी परत सुटे झाले. हे जुळवल्याशिवाय रंगांना हात लावूच नका. नाहीतर नसलेला दोष दुरुस्त करत बसाल.

दुसरं, रिफ्रेश रेट, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र ताजं करतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून शूटिंग बहुतेक २५ किंवा ५० फ्रेमवर. कॉम्प्युटर मात्र बहुतेक वेळा टीव्हीला ६० हर्ट्झवर चित्र देत असतो. २५ फ्रेम त्यात सारख्या बसत नाहीत; कुठली फ्रेम दोनदा दिसते, कुठली तीनदा. वरातीवरून सावकाश फिरणारा कॅमेरा अडखळतो. टीव्हीला ५० हर्ट्झ चालत असेल तर तो लावा.

कडेला लिहिलेलं नाव अर्धं कापलं जात असेल तर तो ओव्हरस्कॅन, टीव्ही चित्र थोडं मोठं करून कडा कापतो. टीव्हीत ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ असा पर्याय शोधा. तुम्ही तो लावला तरी लोकांच्या घरी तो लावलेला असेलच असं नाही, म्हणून नावं कडेपासून आत घ्या.

[दृश्य: जोतिबाच्या यात्रेतला गुलाल.]

गुलाल म्हणजे रंगाची कसोटी. टीव्ही ‘व्हिविड’ या भडक रंगांच्या मोडवर असेल तर या गुलाबीतले सगळे थर एकमेकांत मिसळून सपाट डाग होतो. रंग ठरवताना ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ मोड ठेवा, मोशन स्मूदिंग, म्हणजे टीव्हीनं मधल्या फ्रेम स्वतः भरून हालचाल गुळगुळीत करणं, बंद करा. मग मुद्दाम ‘व्हिविड’ लावून एकदा बघा, कारण बऱ्याच घरांत टीव्ही तसाच चालतो.

वायरशिवाय टीव्हीवर पाठवलेलं चित्र दाबून (कॉम्प्रेस होऊन) येतं आणि उशिराही येतं. कट बघायला ठीक, रंग ठरवायला नाही. चॅनलसाठी काम करत असाल तर ग्राफिक्स कार्डवर भिस्त न ठेवता डेकलिंकसारखं वेगळं आउटपुट कार्ड आणि नीट कॅलिब्रेट केलेला, म्हणजे रंग मोजून जुळवलेला, मॉनिटर घ्यायलाच हवा. लग्नाच्या फिल्मसाठी तो खर्च मला गरजेचा वाटत नाही.

[दृश्य: टीव्हीच्या मागे पेन ड्राइव्ह.]

सगळ्यात स्वस्त उपाय हा. अवघड वाटणारी दोन-तीन मिनिटं एमपी४ करून पेन ड्राइव्हवर घ्या आणि टीव्हीतच चालवा. गिऱ्हाईकही असंच बघणार आहे. पूर्ण फिल्म देताना पेन ड्राइव्ह एफएटी३२ फॉरमॅटचा असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर जाणार नाही; एक्सफॅट फॉरमॅट टीव्हीला चालतो का ते बघून घ्या. मग खुर्ची मागं सरकवा, सोफ्याइतक्या अंतरावर बसा, आवाजही टीव्हीच्याच स्पीकरवर ऐका. हलगीच्या कडकडाटात मंगलाष्टकं बुडत असतील तर ती दुरुस्ती फायनल एक्सपोर्टच्या आधीच करा.