नाव घरचं, आडनाव दरबारचं

मित्रहो, आडनावाचा विषय निघाला की आपण लगेच पूर्वजांकडे वळतो. मूळपुरुष कोण, गाव कोणतं, हे शोधायला लागतो. काही समाजांत ते बरोबरही आहे. चीनमधल्या आडनावांची परंपरा दोन हजार वर्षांहून जुनी आहे. पण जगाच्या फार मोठ्या भागात आडनाव पूर्वजांकडून आलेलंच नाही. ते सरकारच्या वहीतून आलं, आणि तेही पणजोबांच्या काळात. आज मला मुख्यतः त्याबद्दल बोलायचं आहे.

लहान वस्तीत एक नाव पुरतं. त्याच नावाचे दोघे झाले, की लोक आपोआप खूण जोडतात: अमक्याचा मुलगा, नदीपलीकडचा, लोहार. ही खूण त्या माणसापुरतीच असते. लोहाराच्या मुलानं भट्टीत पाव भाजले, तर त्याला कुणी लोहार म्हणायचं नाही. ती खूण मुला-नातवंडांना चिकटली कधी? कर गोळा करणाऱ्यानं ती लिहून घेतली आणि जमिनीचा वारसा त्या लेखावर ठरायला लागला तेव्हा. इंग्लंडमध्ये १०६६ च्या नॉर्मन विजयानंतरच्या तीनेकशे वर्षांत हे हळूहळू घडलं.

लोहारावरून आठवलं. इंग्रजीत स्मिथ, जर्मनमध्ये श्मिट, हंगेरीत कोवाच, रशियात कुझ्नेत्सोव, अरबीत हद्दाद. सगळे लोहारच. लोहार संख्येनं जास्त होते म्हणून हे आडनाव पसरलं, असं बऱ्याच जणांना वाटतं. मला कारण नेमकं उलटं दिसतं. गावात बहुतेक सगळे शेती करायचे, म्हणून ‘शेतकरी’ म्हटल्यानं कुणाचीच ओळख पटायची नाही. लोहार मात्र गावात एखादाच, आणि त्याच्यावाचून कुणाचं चालायचं नाही.

हे झालं सावकाश घडलेलं. हुकमानं घडलेल्या गोष्टी जास्त विलक्षण आहेत. फिलिपिन्सवर स्पेनचं राज्य होतं. गव्हर्नर जनरल नार्सिसो क्लावेरिया यांच्या लक्षात आलं, की लोकांना कायमची आडनावं नाहीत, एकाच घरातली भावंडंही वेगवेगळी नावं लावतात, आणि त्यामुळे कराचा हिशेब लागत नाही. १८४९ मध्ये त्यांनी आडनावांची वर्णानुक्रमे लावलेली भलीमोठी यादी छापून घेतली आणि तिची पानं गावोगाव वाटली. जे पान ज्या गावाच्या वाट्याला आलं, त्यातूनच तिथल्या कुटुंबांनी आडनाव निवडायचं. परिणाम असा, की काही गावांत पुढे पिढ्यान्‌पिढ्या बहुतेक सगळ्यांची आडनावं एकाच अक्षरापासून सुरू होत राहिली. आज एखाद्या फिलिपिनो माणसाचं आडनाव स्पॅनिश आहे म्हणून त्याचे पूर्वज स्पॅनिश होते असं समजणं बहुतेक वेळा चूक ठरेल.

जपानमध्ये सामान्य माणसाला आडनाव लावणं सक्तीचं झालं १८७५ मध्ये. सक्तीची लष्करभरती दोन वर्षांपूर्वीच सुरू झाली होती आणि कोण कुठला याचा पत्ता लष्कराला हवा होता. थायलंडमध्ये १९१३ मध्ये कायदा आला. राजा वजिरावुध यांनी स्वतः ६,००० हून अधिक आडनावं कुटुंबांना बहाल केली. तरीही थाई माणूस आजही दुसऱ्याला पहिल्या नावानंच हाक मारतो. कायद्यानं कागद बदलला, जीभ बदलली नाही.

तुर्कस्तानचा कायदा १९३४ चा. त्याच वर्षी मुस्तफा केमाल यांना संसदेनं ‘अतातुर्क’, म्हणजे तुर्कांचा पिता, हे आडनाव दिलं. त्याच कायद्यात परकीय वंशाची आणि जमातींची आडनावं घ्यायला मनाई होती. त्यामुळे अनेक अल्पसंख्याकांनाही तुर्की वळणाचीच आडनावं घ्यावी लागली. आडनाव देणारी सत्ता त्याच फटक्यात ओळख पुसूही शकते, हे इथे उघड दिसतं.

आणि ती पुसते. बल्गेरियानं १९८४-८५ च्या हिवाळ्यात आपल्या तुर्क नागरिकांना बल्गेरियन नावं घ्यायला भाग पाडलं. १९८९ मध्ये तीन लाखांहून जास्त माणसं देश सोडून गेली. अमेरिकेत गुलामांच्या वंशजांकडे बहुधा गुलाममालकांच्या घराण्यांतली आडनावं राहिली. कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम लिटल, म्हणजेच माल्कम एक्स, यांनी ‘लिटल’ टाकून ‘एक्स’ लावलं, ते हरवलेल्या आफ्रिकी नावाच्या जागी. मला हा विसाव्या शतकातला आडनावाबद्दलचा सर्वांत स्पष्ट निषेध वाटतो.

मंगोलियात उलटा प्रवास झाला. कुळांची नावं १९२० च्या दशकात बंद करण्यात आली. १९९० च्या दशकात ती पुन्हा लावायची ठरली, तेव्हा बहुतेकांना आपलं कूळच ठाऊक नव्हतं. असंख्य लोकांनी चंगीझखानाचं ‘बोर्जिगिन’ घेतलं. १९८१ मध्ये अंतराळात गेलेल्या गुर्राग्चा यांनी मात्र ‘सन्सार’ निवडलं. मंगोल भाषेत त्याचा अर्थ अंतराळ, आणि तो शब्द तिकडे गेला तो आपल्याच संस्कृत ‘संसार’वरून.

आता पहिल्या नावाकडे येतो. इथे सरकार कमी आणि आई-बाप जास्त दिसतात. घानाच्या अकान लोकांत जन्मवारावरून नाव पडतं. संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान शुक्रवारी जन्मले म्हणून कोफी. त्यांचं मधलं नाव अट्टा, म्हणजे जुळ्यांतला. नायजेरियातल्या योरुबा घरात आजोबांच्या निधनानंतर मुलगा झाला की त्याला बाबातुंदे म्हणतात, म्हणजे वडील परत आले. ज्या घरात मुलं लागोपाठ दगावतात तिथे नवजात बाळाला मालोमो म्हणतात: ‘पुन्हा जाऊ नकोस’. मंगोलियात नेरगुई, म्हणजे ‘नाव नसलेला’, असं नाव ठेवतात, कारण दुष्ट शक्तीला बाळाचा पत्ता लागू नये. ही नावं मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा थांबतो. बालमृत्यूबद्दल कुठलाही तक्ता इतकं बोलत नाही.

आइसलंडनं आडनावाशिवाय आधुनिक राष्ट्र चालवून दाखवलं आहे. तिथे बहुतेकांचं दुसरं नाव वडिलांच्या किंवा आईच्या नावावरून बनतं. १९८० मध्ये राष्ट्राध्यक्षपदी निवडून आलेल्या विगदीस फिनबोगादोत्तिर, म्हणजे फिनबोगींची मुलगी. फोनची यादीसुद्धा पहिल्या नावानं लावलेली. अडलं काहीच नाही. लग्नानंतर नाव बदलण्याचा प्रश्नही तिथे फारसा उद्‌भवत नाही. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात १९८१ पासून पत्नीचं जन्माचं नावच कायद्यानं कायम राहतं. जपानमध्ये मात्र जोडप्याला एकच आडनाव लावावं लागतं. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं २०१५ आणि २०२१ मध्ये ही सक्ती वैध ठरवली, आणि प्रत्यक्षात आडनाव सोडते ती जवळजवळ नेहमी पत्नीच. शंभर-सव्वाशे वर्षांच्या कायद्याला सनातन परंपरा मानून त्याचं ओझं बायकांवर टाकणं मला अन्यायाचं वाटतं.

शेवटचा मुद्दा. ब्रह्मदेशात आडनाव नसतं. संयुक्त राष्ट्रांचे आणखी एक माजी सरचिटणीस यू थांट तिथलेच, त्यांचं नाव फक्त थांट. ‘यू’ हा आदरार्थी शब्द. इंडोनेशियाचे सुकार्णो आणि सुहार्तो यांचीही नावं एकेकच. पण व्हिसाच्या, बँकेच्या, विमानाच्या अर्जात दोन रकाने असतात आणि एक रिकामा ठेवता येत नाही. मग माणूस तेच नाव दोनदा लिहितो, नाहीतर अमेरिकी व्हिसावर त्याच्या पहिल्या नावाच्या जागी ‘नाव अज्ञात’ अशा अर्थाची आद्याक्षरं छापून येतात. आपल्यापैकी जे संगणकावर अर्ज तयार करतात त्यांना माझी कळकळीची विनंती आहे: ‘पूर्ण नाव’ असा एकच रकाना ठेवा, आणि त्यात माणूस जे लिहील ते जसंच्या तसं राहू द्या.