‘आपल्या’ लिहू की ‘आमच्या’?

(अमेरिकेतल्या मराठी मंडळाच्या उन्हाळी मेळाव्यात, मुलांच्या कार्ड-कार्यशाळेआधी, मुंबईहून आलेल्या पाहुण्यांनी केलेलं भाषण. संकेतस्थळासाठी थोडी काटछाट केली आहे.)

नमस्कार मंडळी.

मला दहा मिनिटं दिली आहेत आणि मागे वडे तळले जातायत, म्हणजे माझं खरं माप सात मिनिटांचं. दारातून आत येईपर्यंत मला तिघांनी ‘हॅपी मेमोरियल डे’ म्हटलं. त्यावर नंतर रागावतो. आधी परवाची गोष्ट.

नातू जेवणाच्या टेबलावर ४ जुलैची, म्हणजे इथल्या स्वातंत्र्यदिनाची, कार्डं घेऊन बसला होता. वय वर्षं नऊ. एक कार्ड शेजारच्यांना, एक गिरगावच्या आजीला. शेजारच्यांचं इंग्रजी कार्ड दोन मिनिटांत संपलं. आजीच्या कार्डावर हात थांबला आणि त्यानं विचारलं, “आबा, ‘अवर’ला ‘आपल्या’ लिहू की ‘आमच्या’?”

मुंबईत ज्यानं जन्मभर शुभेच्छापत्रांचे मजकूर लिहिले आणि तपासले, त्याला हा प्रश्न. मला उत्तर आलं नाही. मुलगा म्हणाला ‘आपल्या’. सूनबाई म्हणाल्या ‘आमच्या’, आजीचा काय संबंध? मग आवाज चढले, आमटी गार झाली, आणि ज्यानं विचारलं होतं तो टॅब्लेट घेऊन खोलीत गेला.

इंग्रजीला ही अडचणच नाही, तिथे एका शब्दात सगळे बसतात. मराठीत ‘आमच्या स्वातंत्र्यदिनाच्या’ लिहिलं की आजी उंबऱ्याबाहेर. ‘आपल्या’ लिहिलं की गिरगावात बसलेल्या बाईच्या गळ्यात ४ जुलै पडला. शिवाय ‘आपल्या’चा मानाचा अर्थ आहेच, ‘आपला कृपाभिलाषी’मधला. तो धरला तर स्वातंत्र्यदिन नुसता आजीचाच होतो. एका शब्दाचे तीन रस्ते, आणि मुलगा नऊ वर्षांचा.

असो. जे नक्की सांगता येतं ते आधी सांगतो, कारण जेवणानंतर तुम्ही टेबलांवर बसणार आहात.

कागद. इथल्या साध्या लेटर आकाराचा साडेआठ बाय अकरा इंचांचा कागद मधोमध कापा, दुमडा. सव्वाचार बाय साडेपाचचं कार्ड होतं आणि ए-टू म्हणून जे पाकीट मिळतं त्यात बरोबर बसतं. जाडी इथे पाउंडात सांगतात. ६५ पाउंड कव्हर म्हणजे आपले साधारण १७६ जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम), ८० पाउंड म्हणजे २१६. ८० घ्या. त्याहून जाड घेतलं की घडीवर पांढरी तडे गेलेली रेघ दिसते, आणि मग मुलं त्यावर स्टिकर चिकटवतात. छापखान्यात घडीआधी क्रीझिंग करतात. घरी पट्टी लावून, शाई संपलेल्या बॉलपेननं एकदा दाबून रेघ मारा आणि मग दुमडा. तरी तडा गेलाच तर कागद ग्रेनच्या, म्हणजे त्यातल्या तंतूंच्या, आडवा दुमडलाय. कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहा, ज्या बाजूनं सहज वाकतो तिकडेच घडी घाला.

पेन. जेलपेन चकचकीत कागदावर वाळत नाही, पोराचा तळहात फिरला की ‘शुभेच्छा’चं काजळ होतं. आणि गिरगावात जुलैत काय हवा असते हे तुम्हाला मी सांगायला नको. जिन्याखालच्या लाकडी पेटीत पाकीट दोन दिवस राहिलं की शाई पसरते आणि पाकिटाचा गोंद आपोआप चिकटतो. मॅट कागद, साधं बॉलपेन. गोंदावर विसंबू नका, वरून सेलोटेप लावा.

चमकी, बटणं, रिबिनीची गाठ, हे सगळं शेजारच्यांच्या कार्डावर. पोस्टाच्या यंत्रातून पाकीट वाकून जातं. फुगीर किंवा चौरस पाकिटाला जादा पैसे पडतात. साधं ए-टू कार्ड पाकिटासकट बारा-तेरा ग्रॅम भरतं, औंसाच्या निम्म्याहून कमी, त्यामुळे मुंबईला एक ग्लोबल फॉरेव्हर, म्हणजे परदेशी पत्राचं, तिकीट पुरतं. पत्ता मराठीत लिहायची हौस असेल तर जरूर लिहा, पण शहर आणि पिनकोड इंग्रजीत आणि शेवटच्या ओळीत ‘इंडिया’ ठळक इंग्रजी अक्षरांत हवं. चाळ, माळा, खोली, गल्ली करता करता आपला पत्ता सहा ओळी खातो, म्हणून वरून सुरुवात करा. तळाची पाऊण इंच पट्टी कोरी ठेवा, तिथे पोस्टाचा बारकोड उमटतो. पिनकोड चुकवू नका. ४००००४ आणि ४०००१४ यांत एका आकड्याचा फरक आहे, पण पाकीट गिरगावऐवजी दादर पूर्वेला जातं. हा पिनकोड आपल्याकडे सुरूच १५ ऑगस्टला झाला, १९७२ साली. आणि शेजाऱ्यांच्या पत्रपेटीत कार्ड स्वतः टाकू नका. इथे त्या पेटीत तिकीट लावलेली डाकच टाकायची असा कायदा आहे. बेल वाजवा, हातात द्या. बोलावं लागतं म्हणून आपण टाळतो, मला माहीत आहे.

आता मजकूर. गेल्या आठवड्यात मंडळाच्या ग्रुपवर एक नमुना फिरत होता, ‘आनंदी चौथा जुलै’. हे भाषांतर यंत्रानं केलं, पण पुढे माणसांनी पाठवलं! दुसरा नमुना ‘मी तुम्हाला शुभ स्वातंत्र्यदिन इच्छितो’. मराठीत शुभेच्छा देतात, इच्छित नाहीत. आणि ‘दिन’ ऱ्हस्व. ‘स्वातंत्र्य दीन’ लिहिलंत तर स्वातंत्र्य बापुडवाणं झालं. ‘स्वातंत्र्य’मधला शेवटचा य खाऊ नका. ‘हार्दिक’मध्ये दीर्घ वेलांटी नाही. संगणकावर करणाऱ्यांनी अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेघेचे तुकडे होतात. काही सॉफ्टवेअरमध्ये ‘हार्दिक’ची वेलांटी उडी मारून द च्या उजवीकडे जाते. छापायच्या आधी एवढा एक शब्द पाहा. तो नीट आला तर बाकीचे बहुधा नीट येतात.

मेमोरियल डेचं कार्ड करू नका. तो युद्धात गेलेल्यांचा दिवस आहे, त्याला ‘हॅपी’ लागत नाही. आपण मुंबईकर मोहरमलाही ‘हॅपी’ लावतो, ती सवय इथे तरी सोडा. गल्लीत कुणी लढाईवरून आलेला निवृत्त सैनिक असेल तर ४ जुलैच्या कार्डावर ‘धूमधडाका’ वगैरे नको. फटाक्यांचा आवाज काहींना सोसत नाही. त्याला ‘तुमच्या अंगणातल्या टोमॅटोंची आठवण ठेवतो’ एवढं पुरे, पण ते टोमॅटो खरोखर असायला हवेत.

यंदा, २०२६मध्ये, इथल्या स्वातंत्र्याला २५० वर्षं पूर्ण होतात, तेव्हा आकडा घालायचा मोह होणार. ‘२५० वर्षं पूर्ण’ असंच लिहा. ‘२५०वा स्वातंत्र्यदिन’ लिहिलं की २०२२ साली आपल्याकडे झाला तोच वाद, पंचाहत्तरावा की शहात्तरावा. ‘या दिवशी सह्या झाल्या’ हेही नको. स्वातंत्र्याचा ठराव मंजूर झाला २ जुलै १७७६ला, जाहीरनामा ४ला, आणि बहुतेक सह्या २ ऑगस्टला.

झेंडा काढणार असाल तर तेरा पट्टे, वर आणि खाली लालच, निळा चौकोन सात पट्ट्यांइतका खाली. पन्नास तारे सहा-पाच, सहा-पाच अशा नऊ ओळींत. सव्वाचार इंचात ते होत नाही, गिचमिड होतं. त्यापेक्षा नुसते तीन रंग वापरा. आणि झेंड्यावर अक्षरं लिहू नका. इथल्या ध्वज-नियमांत ते नको म्हटलंय आणि आपल्या ध्वजसंहितेतही. ऑगस्टचं कार्ड करताना लक्षात ठेवा, कारण मुलांना ती मधली पांढरी पट्टी दिसली की आपसूक लिहावंसं वाटतं. आणि चक्राचे आरे चोवीस, मोजून.

आता जरा बोलतो. मुलांना मराठी यावं म्हणून तुम्ही दर रविवारी तास-तास गाडी चालवता. मग कार्डाचा मजकूर तुम्ही मोबाइलवर तयार करता आणि मूल तो चित्र काढल्यासारखा उतरवून घेतं. ‘आपणास व आपल्या कुटुंबीयांस हार्दिक शुभेच्छा, हा दिवस आपल्या जीवनात सुख, शांती, समृद्धी घेऊन येवो.’ ही ओळ दिवाळीची आहे. पाडव्यालाही तीच, ४ जुलैलाही तीच. मला कसं माहीत? शेकड्यांनी मीच लिहिल्यात. ओळीमागे पैसे मिळायचे.

मजकूर लिहिताना समोरच्याच्या घरात त्या क्षणी काय चाललंय ते पाहायचं. नातवासाठी मी हे करून दिलं:

‘ती. आजीस, शि. सा. न. ४ तारखेला रात्री साडेनऊला इथे तळ्याकाठी फटाके उडणार. तुझ्याकडे तेव्हा ५ तारखेच्या सकाळचे सात वाजलेले असतील. पाऊस असेल आणि तू चहा गाळत असशील. दिवाळीची एक फुलबाजी माझ्यासाठी शिल्लक ठेव.’

पस्तीसेक शब्द, कार्डाच्या आतल्या उजव्या पानावर दुरेघी वहीइतक्या मोठ्या अक्षरात जेमतेम मावतात. मुलांना ओळींमध्ये जास्त जागा द्या, रुकार खाली लटकतो आणि खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. मी खूश होतो. त्यानं वाचलं आणि म्हणाला, “आबा, तुम्ही तो शब्दच गाळलात.”

गाळला होता. धंद्यातली जुनी पळवाट आहे ती, अडलं की शब्द टाळायचा. त्याला ती दिसली.

मग त्यानं पुढचं विचारलं. ऑगस्टमध्ये आजीला कार्ड पाठवायचं तर ‘तुमच्या’ लिहायचं ना? सेफ्टी पिननं खिशाला लावलेला कागदी झेंडा, पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांवर फासलेला खडू, मैदानातला चिखल आणि घरी येताना जिलबी, एवढं सगळं माझ्या घशात आलं, पण वाक्य आलं नाही. आमच्या लहानपणी १५ ऑगस्टला कुणी कुणाला कार्ड पाठवत नव्हतं. पाठवायचं कोणाला, सगळे तिथेच होते. त्यामुळे हा शब्द निवडायची वेळच आमच्यावर आली नाही.

सूनबाई अजून ‘आमच्या’वर आहेत, मुलगा ‘आपल्या’वर. तुमच्यापैकी कुणाच्या घरी याचा निकाल लागला असेल तर वड्यांच्या रांगेत मला गाठा. कात्र्या दहाच आहेत, त्या फिरवत राहा. आणि आधी हात पुसून घ्या, लसणाच्या चटणीचा डाग मॅट कागदावरून निघत नाही.